काश्मीर नव्हे, कलमाखालचा सडा बघा

दुपारपासून तोच व्हिडिओ चौथ्यांदा आला. खळ्यात पांढऱ्याशुभ्र गारा, त्यात नाचणारी माणसं आणि वर लिहिलंय, 'आमच्या कोकणाचं काश्मीर झालं'. मागे कलमाखाली कैऱ्यांचा सडा पडलाय तो एकालाही दिसू नये? खाली दीडशे जणांनी बदाम टाकलेत. संताप आला, म्हणून लिहितोय.

मी सहावीत होतो. चिपळूणजवळचं आमचं गाव, मार्चची दुपार, उकाड्याने जीव नको झालेला. साडेतीनच्या सुमारास मळभ आलं आणि कौलांवर ताडताड सुरू झालं. आम्ही भावंडं पातेलं घेऊन खळ्यात. गारा वेचल्या, वर कोकम सरबत ओतलं, खाल्लं. बाबा डोक्यावर घमेलं धरून बागेत गेले. परतले तेव्हा मुठीत दोन कैऱ्या होत्या. आम्हाला ओरडले नाहीत. पडवीत बसले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत.

कोकणात गारा क्वचितच पडतात, मान्य. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भाने जे सोसलं त्याच्याशी आपली तुलनाच नको. पण आपल्याकडे पडतात त्या नेमक्या फळ झाडावर असताना. चिपळूण म्हणजे वाटीच, एकीकडे परशुरामाचा डोंगर, दुसरीकडे कुंभार्लीचा घाट, मधून वाशिष्ठी नदी. दिवसभर वाटी तापते, दाभोळच्या खाडीकडून दमट वारा आत येतो, सह्याद्रीला अडून वर चढतो. साडेचार-पाच किलोमीटरवर शून्याखालची थंडी असते. ढग जोराचा असेल तर पाण्याचा थेंब तिथे वरखाली होत थरावर थर चढवतो आणि जड झाला की खाली येतो. दगडच तो. ३० एप्रिल १८८८ला मुरादाबादेत गारांनी २४६ माणसं मेली. आंब्याचं कोवळं देठ किती तग धरणार?

आणि गळलेला आंबा निदान दिसतो तरी. झाडावर राहिलेल्याला जो मार बसतो तो चार दिवसांनी काळा पडतो, तिथून करपा, म्हणजे बुरशीचा रोग, आत शिरतो. पेटीत भरायचा हापूस कॅनिंगला, म्हणजे डबाबंद रसाच्या कारखान्याला, किलोवर जातो. बाबांचं त्या वर्षी तेच झालं. पावसाआधी दोन फवारण्या झाल्या होत्या, त्यांचे पैसे दुकानदाराला द्यायचे बाकी होते. हे मला कळलं वीस वर्षांनी, आईकडून.

विमा आहे ना, असं कोणीतरी म्हणेलच. आहे. त्यात गारपिटीचं संरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं आणि नुकसान ७२ तासांत कळवावं लागतं. माझ्या भावाने दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच दिवशी कळवलं. पाहणीला माणूस आला नवव्या दिवशी. तोवर खालच्या कैऱ्या सडून गेलेल्या. 'नुकसान कुठे आहे?' असं विचारलं त्याने. माझ्या भावाला! ज्याने आठ दिवस बागेत कोणाला झाडूसुद्धा लावू दिला नव्हता, पुरावा राहावा म्हणून.

२२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली तेव्हा सगळीकडून माणसं धावून आली, ते उपकार जन्मात फिटणार नाहीत. पण पाणी कॅमेऱ्यात दिसतं. वीस मिनिटांत गेलेलं वर्ष दिसत नाही.

लहान पोरं नाचली तर नाचू देत. त्या दिवशी आम्हीही नाचलो आणि बाबांनी नाचू दिलं. आता वाटतं, उठून त्यांच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं. पण तुम्ही मोठी माणसं आहात रे, आंबे खाऊन वाढलेली. ओळखीच्या बागायतदाराला आज एक फोन करा. या वर्षी डाग असलेला आंबा आला तर घासाघीस न करता घ्या, आतून तो तेवढाच गोड असतो.

मघाशी भावाला फोन केला. म्हणाला, वरच्या अंगाची चार कलमं गेली, बाकीचं उजाडल्यावर बघतो. मळभ अजून हटलेलं नाही.