नव्या आयुक्तसाहेबांना काटकसरीचे चार शब्द

अभिनंदन, साहेब. (मॅडम असाल तरी अभिनंदन, इमारतीत सगळे ‘साहेब’च म्हणतील.) हार-तुरे आटोपले की दोन-तीन दिवसांत महापालिकेचे मुख्य लेखापाल फाईल घेऊन येतील आणि उभ्याउभ्याच सांगतील की तिजोरीत खडखडाट आहे. घाबरू नका. जकात गेल्यापासून हे वाक्य राज्यातल्या प्रत्येक आयुक्ताने ऐकलेलं आहे. पूर्वी नाक्यावर रोजची रोकड जमायची. मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी माफ झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकातही संपली. तेव्हापासून महापालिका दर महिन्याला राज्य सरकारच्या नुकसानभरपाईकडे डोळे लावून बसतात. २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरून दरवर्षी आठ टक्के वाढ, असं कायद्यात लिहिलंय. शहर किती टक्क्यांनी वाढतं ते कुठे लिहिलेलं नाही, तेव्हा तुम्हीही तो विषय काढू नका.

सगळ्यात आधी, तूट आहे हे मान्य करायचं नाही. महापालिकेचं अंदाजपत्रक शिलकी असावं लागतं. मग खर्च आहे तसाच ठेवा आणि उत्पन्न वाढवा. कागदावर वाढवा. थोडं बांधकाम शुल्कातून, थोडं थकीत मिळकतकरातून, आणि तरीही जुळलं नाही तर उरलेला आकडा ‘शासकीय अनुदान’ या ओळीत ढकला. ती ओळ कुरकुर करत नाही. थकबाकीदारांसाठी अभय योजना जाहीर करा. महिन्याला दोन टक्क्यांनी चढलेली शास्ती माफ होते, रांगा लागतात, फोटो छापून येतात. वेळेवर कर भरणारा पेपर वाचून मनातल्या मनात स्वतःला दोन शब्द सुनावतो आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा वेळेवर भरतो. त्याची काळजी करायचं कारण नाही.

सवलती कधीही रद्द करू नयेत. रद्द केल्या की मोर्चे निघतात. हे पुण्याकडून शिका. राहत्या घराच्या मिळकतकरातली ४० टक्के सवलत तिथे १९७० पासून चालत आली होती. २०१९ मध्ये ती थांबवली तेव्हा केवढा गदारोळ झाला. २०२३ मध्ये ती परत मिळाली, पण अनेकांना त्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज भरावा लागला. सोबत पुरावे जोडा, शुल्क भरा, मुदत पाळा. अर्ज हे काटकसरीचं फार सभ्य हत्यार आहे. मोर्चा निघत नाही, कारण अर्ज न भरलेला माणूस स्वतःलाच दोष देतो.

आता कपातीकडे वळू. सुरुवात परिपत्रकाने करा. कागदाच्या दोन्ही बाजू वापराव्यात, बैठकीत चहाबरोबर बिस्किटं नकोत, दालनातला एसी २४ अंशांवर ठेवावा. यातून वाचतं फारसं काही नाही, पण बातमी चांगली होते: ‘पालिकेत काटकसरीचे वारे’. परिपत्रकाच्या प्रती मात्र सर्व खात्यांना, सर्व क्षेत्रीय कार्यालयांना आणि माहितीस्तव शासनाला जाऊ द्या. एका बाजूला छापलेल्या.

खरी कपात कुठे करायची, असं तुम्ही विचाराल. वायफळ खर्च ओळखण्याची एक खूण आहे, ती नीट लक्षात ठेवा. ज्या खर्चामागे ठेकेदार उभा नाही, तो वायफळ. वाचनालयातली वर्तमानपत्रं, बागेतला माळी, पालिकेच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक, दवाखान्यातली खोकल्याची बाटली, सार्वजनिक शौचालयातला दिवा. यांच्या बाजूने स्थायी समितीत कोणी उभं राहत नाही आणि कोणाचं बिलही अडत नाही. औषध नसलं तर डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात, ‘बाहेरून आणा’. खर्च संपला असं नाही. तो पालिकेच्या खात्यातून उठून पेशंटच्या मुलाच्या खिशात गेला, आणि त्या खिशाचं लेखापरीक्षण होत नाही. उलट पदपथावरचे धडधाकट पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसवणं, दुभाजकातल्या कुंड्या, खांबाखांबाला गुंडाळलेल्या रंगीत दिव्यांच्या माळा हा झाला विकास, आणि विकासाला कात्री लावणारा आयुक्त फार दिवस टिकत नाही. हे मी सांगायला नको.

पण या सगळ्यावर कडी करणारी युक्ती आस्थापनेची, म्हणजे कायम नोकरांच्या पगाराची आहे, तिथे मात्र वेळ घालवा. शासनाचा नियम असा की आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असेल तरच भरती करता येते. तुमचा तो वर गेलेला असणारच. मग झाडूवाली निवृत्त झाली की तिची जागा भरायची नाही. रस्ता मात्र झाडावा लागतो, म्हणून ठेकेदाराला काम द्यायचं. ठेकेदार त्याच वस्तीतली दुसरी बाई आणतो आणि तिच्या हातात तोच झाडू देतो. पहिल्या बाईचा पगार आस्थापना खर्च होता. दुसरीची मजुरी, ठेकेदाराच्या नफ्यासकट, घनकचरा व्यवस्थापनाच्या सेवेत जाते. टक्केवारी खाली येते, शासन खूश होतं. पैसे वाचले का, असा भोचक प्रश्न लेखापाल विचारतील. त्यांना सांगा, आकडा खाली आला ना?

मुंबईने या शास्त्रात बराच पल्ला गाठला होता. कचरा उचलणाऱ्या सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांनी आम्ही पालिकेचेच कामगार आहोत, असा दावा लावला. औद्योगिक न्यायाधिकरणाने ते मान्य केलं, उच्च न्यायालयानेही मान्य केलं, आणि पालिका थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिथेही २०१७ मध्ये कामगारच जिंकले. म्हणून ही युक्ती फसते असं समजू नका. दावा चालला तितकी वर्षं कायम कामगाराचा पगार द्यावा लागला नाही, आणि वकिलांची फी आस्थापना खर्चात धरत नाहीत.

बसचंही तसंच. मुंबईच्या बससेवेने, म्हणजे बेस्टने, जुलै २०१९ मध्ये किमान भाडं पाच रुपयांवर आणलं, प्रवासी खूश. स्वतःच्या गाड्या मोडीत निघत गेल्या, जागी भाडेतत्त्वावरच्या आल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या गाड्यांचे चालक पगारवाढीसाठी संपावर गेले. अशा वेळी प्रशासनाकडे एक वाक्य तयारच असतं: ते आमचे कर्मचारी नाहीत. थांब्यावरच्या गर्दीलाही ते ऐकवता येतं. मग मे २०२५ मध्ये किमान भाडं पाचाचं दहा झालं. गाड्या कमी करा, प्रवासी वैतागून शेअर रिक्षाकडे जातील, मग ‘प्रवासी प्रतिसादाअभावी’ मार्ग बंद करा. फलक काढायचीही गरज नाही, तो आपोआप गंजतो.

कर्ज काढायची वेळ आली तर ऐटीत काढा. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे विकले, व्याज ७.५९ टक्के, मुंबई शेअर बाजारात घंटा वाजवून. पुढे योजनेच्या निविदाच रद्द कराव्या लागल्या. म्हणजे पाणी यायच्या आधी व्याज चालू झालं. निदान ते तरी चोवीस तास.

ठेवी असतील तर गोष्टच वेगळी. मुंबईच्या मुदत ठेवी २०२२ च्या सुमारास ९० हजार कोटींच्या पुढे होत्या, आणि २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर गेलं. तुमच्याकडे ठेवी नसल्या तर चिंता नको, तुमच्याकडे दायित्व असेल. मंजूर झालेली, सुरू झालेली, बिलं न दिलेली कामं. ती पुढच्या वर्षात ढकला. पुढच्या वर्षी त्याच्या पुढच्या. वरून नवीन कामांची भूमिपूजनं चालू ठेवा, कोनशिलेचा दगड तसा स्वस्त पडतो.

आणि मधल्या काळात सभागृह नसलं तर तुमचं नशीब. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्यातल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची कितीतरी वर्षं प्रशासकच (म्हणजे आयुक्तच) स्थायी समिती आणि प्रशासकच मुख्य सभा होता. प्रस्ताव मांडणारा, त्यावर चर्चा करणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस. बैठकीच्या भत्त्यात केवढी बचत! उपसूचना नाहीत, आयत्या वेळचे विषय नाहीत, एखाद्या प्रभागातल्या गटाराचे पैसे दुसरीकडच्या कमानीला वर्ग करताना आरडाओरडाही नाही. गटारासाठी ओरडणारा नगरसेवक अशा काळात पालिकेच्या दारात अर्ज घेऊन उभा असतो. त्याला आवक क्रमांक द्या.

लेखापरीक्षणाचे आक्षेप येतील, पण ते यायला वेळ लागतो. तोवर तुमची बदली झालेली असेल. तुमच्या जागी येणारे साहेब हार-तुरे स्वीकारतील, मुख्य लेखापालांचं ऐकतील आणि पालिकेच्या आर्थिक स्थितीवर श्वेतपत्रिका काढण्याची घोषणा करतील. ती लिहायला सल्लागार नेमावा लागतो. जाण्याआधी त्याची तरतूद तेवढी करून ठेवा.