‘तिथे गेल्यावर जर्मन आपोआप येतं’ या मेसेजला उत्तर

बारावीचे निकाल लागले की हा मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो चार ग्रुपांवर आला. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी तर तो थेट मला पाठवला आणि खाली विचारलं, "मॅडम, मग बॅच सोडायची का?"

मेसेज थोडक्यात असा आहे. जर्मनीत शिक्षण फुकट आहे आणि ते इंग्रजीत आहे. जर्मन शिकण्यात वर्ष घालवू नका, ए-वन (ए-वन ते सी-टू या सहा पातळ्यांतली पहिली) झालं की पुरे. उरलेली भाषा तिथे गेल्यावर सहा महिन्यांत कानावर पडून आपोआप येते. विद्यापीठांचे भाषेचे ‘तयारी कोर्स’ म्हणजे परदेशी मुलांकडून पैसे काढायचा मार्ग. आणि अडलंच तर फोनमध्ये ॲप आहे.

मी पुण्यात जर्मन शिकवते, माझं घर त्यावर चालतं, हे आधीच सांगते. पण मी स्वतः जर्मनीत असा तयारी कोर्स केला आहे, आणि त्याआधी याच मेसेजवाल्यांसारखा विचार करून एक सेमिस्टर गमावलं आहे. त्या वडिलांना फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

"शिक्षण इंग्रजीत आहे."

हे अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच मुलं त्यात फसतात. मास्टर्ससाठी, विशेषतः इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटरच्या विषयांत, इंग्रजी माध्यमाचे कोर्स भरपूर आहेत. डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या यादीत ते कोणालाही शोधता येतात. पण त्याच यादीत बॅचलर्स शोधून पाहा, संख्या एकदम खाली येते. सरकारी विद्यापीठांतलं पदवीचं शिक्षण आजही मुख्यतः जर्मनमध्ये आहे. मेडिकल आणि कायदा तर पहिल्या दिवसापासून जर्मनमध्येच. हा मेसेज मात्र जास्त करून बारावीच्या मुलांच्या आईवडिलांकडे जातो.

शिवाय आपल्या बारावीवर तिकडे सहसा थेट प्रवेश मिळत नाही. इथे पदवीचं एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करायचं, किंवा तांत्रिक शाखांसाठी जेईई ॲडव्हान्स्ड पास व्हायचं, नाहीतर ‘श्टुडिएनकोलेग’ या पूर्वतयारीच्या वर्षातून जायचं. श्टुडिएनकोलेगमध्ये इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांचा टी-कोर्स, मेडिकलकडे जाणाऱ्यांचा एम-कोर्स, अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनाचा डब्ल्यू-कोर्स असे गट असतात. गणित, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र हे सगळं जर्मनमध्ये शिकवतात आणि शेवटी परीक्षा असते. आत शिरायलाच प्रवेशपरीक्षा, तीही जर्मनमध्ये, आणि बहुतेक ठिकाणी बी-वन किंवा बी-टू मागतात. ए-वनवाल्या मुलाला त्या परीक्षेची प्रश्नपत्रिकाही नीट वाचता येणार नाही.

इंग्रजीतून मास्टर्स करणाऱ्यांचं काय? वर्गात त्यांचं निभतं. अडचण वर्गाबाहेर सुरू होते. इंटर्नशिप, शिकता शिकता कंपनीत करायचं काम, पदवीनंतरची नोकरी, या सगळ्यांच्या जाहिराती उघडून वाचा, जर्मनची अट किती ठिकाणी आहे ते दिसेल. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा परवाना मिळतो. अठरा महिने कानाला मोठे वाटतात, पण अर्ज करायचे आणि बी-वनचा अभ्यासही करायचा म्हटलं की पुरत नाहीत. तिथली पदवी घेऊन दोन वर्षं नोकरी केली की कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, आणि त्यालाही बी-वन लागतंच.

"सहा महिन्यांत आपोआप येतं."

माझं खरं भांडण या वाक्याशी आहे.

पहिली गोष्ट, कानावर जर्मन पडतं हे गृहीतच आता टिकत नाही. 2023-24च्या हिवाळी सेमिस्टरला जर्मनीत 49 हजारांवर भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये हा सर्वांत मोठा गट. फ्लॅटमध्ये चौघं असतील तर एक नागपूरचा, एक हैदराबादचा, दोघं पुण्याचे. स्वयंपाक आपला, गप्पा आपल्या, वर्गात इंग्रजी. दिवसभरात जर्मन कानावर पडतं ते ट्राममध्ये पुढच्या स्टॉपचं नाव ऐकताना आणि सुपरमार्केटच्या कॅशवर पावती हवी का विचारतात तेव्हा. दोन वर्षं तिथे राहून सुट्टीत भेटायला आलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅम, तुमच्याकडे बी-वन केलं तेव्हा जेवढं येत होतं, तेवढंही आता येत नाही." हुशार मुलगी आहे ती. तिला भाषा वापरायची वेळच आली नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कानावर पडून येते ती बोलण्याची भाषा, आणि विद्यापीठाला हवी असते ती निराळी. आपल्याकडेही तसंच आहे. भाजीवाल्या मावशी म्हणतात, "भाव वाढले म्हणून कोणी घेत नाही." अग्रलेखात तेच "भाववाढीमुळे मागणी घटली" असं येतं. जर्मनमध्ये ही दरी आणखी रुंद आहे. ‘वाइल डी प्राइझे गेश्टीगन झिंट’ म्हणजे ‘भाव वाढले म्हणून’. विद्यापीठाच्या पुस्तकात तेच ‘आउफग्रुंट डेस प्राइसआनश्टीग्स’ होऊन येतं, म्हणजे ‘भाववाढीमुळे’. क्रियापद गेलं, त्याचं नाम झालं, दोन नामं जोडून एक लांब शब्द झाला आणि त्याला षष्ठी लागली. ट्राममध्ये असं कोणी बोलत नाही. डीएसएच या विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत मात्र पहिल्या प्रकारचं वाक्य दुसऱ्यात बदलून लिहायला सांगणारा स्वतंत्र विभाग असतो, कारण पुढे पदवीभर मुलाला तेच वाचायचं असतं.

माझं सेमिस्टर याच परीक्षेत गेलं. डीएसएचमध्ये एक व्याख्यान ऐकवतात, तुम्ही टिपणं काढायची आणि मग प्रश्नांची उत्तरं लिहायची. माझं बी-टू झालेलं होतं, बोलायला अडखळत नव्हते, घरमालकीणबाई माझ्या उच्चारांचं कौतुक करायच्या. म्हटलं, कोर्स कशाला, थेट परीक्षा देऊ. व्याख्यान सुरू झालं. पहिली दोन मिनिटं शब्द न् शब्द कळत होता आणि मी अख्खी वाक्यं उतरवत होते. तिसऱ्या मिनिटाला कळलं की मी एक वाक्य लिहीपर्यंत पुढची तीन निघून गेली आहेत. त्यात जर्मन क्रियापदाची सवय अशी की त्याचा एक तुकडा वाक्याच्या अगदी शेवटी येतो. ‘श्टेल्ट’ ऐकू आलं, पण शेवटी ‘आइन’ येणार, ‘फोर’ येणार की ‘आप’, त्यावर बंद केलं, मांडलं की बाजूला ठेवलं ते ठरतं. मी तो शेवटचा तुकडा येण्याआधीच लिहायला खाली मान घालत होते. लेखीत 61 टक्के पडले. पहिल्या पातळीला 57 लागतात, दुसरीला 67, तिसरीला 82. माझ्या विषयाला दुसरी पातळी हवी होती. सहा टक्क्यांनी सहा महिने गेले.

नंतर मी विद्यापीठाच्या तयारी कोर्सला बसले. तिथल्या बाईंनी पहिला आठवडाभर आम्हाला एकही पूर्ण वाक्य लिहू दिलं नाही. कारण असेल तर डावीकडे बाण, परिणाम असेल तर उजवीकडे, विरोध असेल तर उभी रेघ. शब्दांची फक्त पहिली तीन अक्षरं. आणि क्रियापदाचा शेवट ऐकू येईपर्यंत पेन उचललेलं. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण पुढे प्रत्येक तासाला मी तेच केलं. वक्ता ‘एकीकडे’ म्हणाला की ‘दुसरीकडे’ येणार म्हणून कागदावर जागा सोडायची, आलेखाचं वर्णन दोनशे शब्दांत कसं करायचं, परीक्षकासमोर एखादं मत मांडून त्याला आधार कसा द्यायचा, हे सगळं शिकवलं म्हणून आलं.

"ए-वन झालं की पुरे."

मॅक्सम्युलर भवन ज्या गोएथे इन्स्टिट्यूटचं आहे, त्यांचा अंदाज असा: बी-टूपर्यंत पोचायला 45 मिनिटांचे 600 ते 800 तास, सी-वनला 800 ते 1000. ए-वन त्यातल्या पहिल्या 80 ते 200 तासांत होतं. म्हणजे ए-वन केलेला मुलगा उंबऱ्यात उभा आहे. ‘तीन महिन्यांत बी-टूची गॅरंटी’ अशा पाट्या लावणाऱ्या क्लासवाल्यांनाही हाच हिशेब लागू आहे. त्यांच्याबद्दल मेसेजवाल्यांना राग असेल तर मी त्यांच्या बाजूने आहे.

मात्र मराठी मुलांना एक गोष्ट मी पहिल्याच तासाला सांगते, कारण घाबरून सोडणारेही बरेच असतात. तुमच्या भाषेनं अर्धं काम करून ठेवलेलं आहे. इंग्रजीत शिकलेल्या जगाला डेर-डी-दासचा, म्हणजे नामाच्या तीन लिंगांचा, धसका असतो, तुमच्याकडे तो-ती-ते जन्मापासून आहे. लिंगं जुळतीलच असं नाही, आपला सूर्य तो आणि त्यांचा ती, पण निर्जीव वस्तूलाही लिंग असतं हे तुम्हाला कोणी पटवून द्यावं लागत नाही. मूल दोन्हीकडे ‘ते’, पुस्तक दोन्हीकडे ‘ते’. विभक्ती तुम्ही शाळेत घोकलेल्या आहेत. वाक्याच्या शेवटी क्रियापद यायची वाट बघणं तुमच्या रक्तात आहे. आणि आकडे! पंचवीस म्हणताना आपण पाच आधी म्हणतो, जर्मनही तसंच म्हणतो: ‘फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिख’, पाच आणि वीस. ज्यांच्याकडून घरी पाढे मराठीत पाठ करून घेतले, ती मुलं फोन नंबर ऐकून लिहिण्यात माझ्या वर्गात कायम पुढे असतात.

"तयारी कोर्स म्हणजे पैसे काढायचा मार्ग."

ही पद्धत आजकालच्या बाजारातून निघालेली नाही. लाइपत्सिगला, तेव्हाच्या पूर्व जर्मनीत, 1956 साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी खास संस्था निघाली. 1961 पासून तिला हेर्डर इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. आशिया-आफ्रिकेतून आलेली मुलं आधी तिथे भाषा आणि आपापल्या विषयाची परिभाषा शिकत आणि मग देशभरच्या विद्यापीठांत जात. भाषेशिवाय मुलाला वर्गात बसवणं म्हणजे त्याचं नुकसान करणं, एवढा साधा विचार त्यामागे होता.

आजही सरकारी श्टुडिएनकोलेगमध्ये शिकवणीची फी सहसा नसते. विद्यापीठाच्या डीएसएच कोर्सला बऱ्याच ठिकाणी फी असते, हे खरं. पण खरा खर्च राहण्याचा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठराविक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, महिन्याला 992. भाषेपायी तिथे एक सेमिस्टर वाढलं की 5,952 युरो, म्हणजे पाच लाखांहून जास्त. म्हणून मी पालकांना सांगते, बी-टूपर्यंतचा पाया इथे, घरचं जेवून घाला. रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्सम्युलर भवन आहे, चांगले खाजगी शिक्षक आहेत. विद्यापीठी भाषेचा शेवटचा टप्पा तिकडे करा. भाषा पूर्ण व्हायच्या अटीवर काही विद्यापीठं सशर्त प्रवेश देतात, तो याच टप्प्यासाठी.

"शिक्षण फुकट आहे." बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सेमिस्टरला 1,500 युरो आहेत, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही 2024-25 पासून फी सुरू केली आहे.

"फोनमध्ये ॲप आहे." आहे, आणि मीही वापरते. परीक्षेच्या खोलीत ते चालत नाही, तोंडी परीक्षेत चालत नाही, हॉस्पिटलमध्ये पेशंटशेजारी उभं राहून चालत नाही. शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये खोली बघायला गेल्यावर तिथे आधीपासून राहणारे तिघं तुम्हाला चहा देऊन गप्पा मारतात आणि त्यावर खोली कोणाला द्यायची ते ठरवतात, तिथेही नाही. कधीकधी भाषांतर बरोबर येऊनही उपयोग होत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने जाहिरातीतल्या ‘काल्टमीटे’चं ॲपवर ‘थंड भाडं’ असं भाषांतर वाचलं आणि तेवढंच भाडं धरून महिन्याचा हिशेब मांडला. हीटिंग आणि इतर खर्च त्यात धरलेले नसतात, हे त्याला पहिल्या महिन्याच्या शेवटी कळलं.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येते. मुलीला पुढच्या वर्षी ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या सेमिस्टरला जायचं आहे. बऱ्याच विद्यापीठांची अर्जाची शेवटची तारीख 15 जुलै असते. त्याआधी भाषेचं सर्टिफिकेट हातात हवं, म्हणजे बी-टूची परीक्षा मे महिन्यात. एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं, प्रमाणपत्र 2022च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं आहे, त्याचा अर्ज दिवाळीतच करून टाकायचा. आठवड्याला 20 तास धरले तर बी-टूला 30 ते 40 आठवडे लागतात. मे महिन्यापासून 40 आठवडे मागे गेलं की ऑगस्ट येतो, आणि दिवाळी, आजारपण, कॉलेजच्या परीक्षा धरल्या की जुलै. तिची बॅच जुलैच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेसातला सुरू होते.