पावती क्रमांक ४७

गेल्या आठवड्यात दिल्लीहून मेल आली. माझ्या प्रवासखर्चातले चाळीस रुपये नामंजूर. बाकी सगळं मंजूर. एसटी मंजूर, लॉजचं भाडं मंजूर, वास आला म्हणून अर्धी परत पाठवलेली सुरमईची थाळीसुद्धा पूर्ण दराने मंजूर. फक्त खाडी ओलांडायला तरीवाल्याला, म्हणजे होडीवाल्याला, दिलेले जाताना वीस आणि येताना वीस, तेवढेच काय ते नामंजूर. पैशांचं काही नाही हो, असं मी तेव्हापासून घरात सगळ्यांना सांगतोय. कुणी विचारलेलं नसतानाही सांगतोय.

मी विकास क्षेत्रातल्या संस्थांसाठी सर्वेक्षणाचं काम करतो. प्रश्नावली मराठीत आणायची, गावातल्या मुलामुलींना ती विचारायला शिकवायचं, आलेली माहिती तपासायची आणि या सगळ्याचा इंग्रजी अहवाल करून पाठवायचा. माझी आई शेजारी याचं वर्णन 'त्याचं काहीतरी काँप्युटरचं आहे' असं करते, आणि खरं सांगायचं तर माझ्या करारपत्रातल्या वर्णनापेक्षा ते जास्त स्पष्ट आहे.

या वेळी झालं होतं असं की नकाशावर आमची काही घरं खाडीच्या मधोमध दिसत होती. देवगड तालुक्यातली चांगली नांदती घरं, गोठा आणि संडासासकट, पाण्यात. दिल्लीच्या डेटावाल्यांनी आधी 'तिथे पूर आला होता का' असं विचारलं, मग 'तुमची मुलगी घरी न जाता फॉर्म भरते का' असं विचारलं. कारण साधं होतं. जाड चिऱ्याच्या भिंती, वर माडाफणसांचं छप्पर, आत टॅबच्या जीपीएसला आकाशच दिसत नाही. आणि अचूकता पाच मीटरच्या आत आल्याशिवाय आमचा फॉर्म जागेची नोंद घेत नाही. त्या बिचारीने सगळे प्रश्न घरात बसून नीट विचारले आणि जागेची नोंद परतताना तरीत बसल्यावर केली, कारण तिथे आभाळच आभाळ. अचूकता आली चार मीटर. हे मी लिहून कळवलं. उत्तर आलं, 'प्रत्यक्ष जाऊन खात्री करा.' म्हणून मी खाडीवर.

तरीत आम्ही मोजकेच होतो. मी, टोपलीत बर्फ घातलेले बांगडे घेऊन निघालेल्या एक काकी, शाळेचा एक मुलगा आणि कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, खिशाला दोन पेनं लावलेले एक गृहस्थ. त्यांना सगळे अण्णा म्हणत होते. तर धक्क्यावरून सुटली, मी वीसची नोट पुढे केली आणि म्हटलं, "दादा, पावती मिळेल का?"

तरीवाल्याने मशीन हळू केलं. "कसली पावती?"

"तरीची. ऑफिसात द्यावी लागते."

"वीस रुपयांची?" तो काकींकडे बघून म्हणाला. "ह्या तरीर माझो आजो होतो, बापूस होतो. आजपर्यंत कोणी पावती मागूक नाय."

"दी रे तेका कायतरी लिवन," काकी म्हणाल्या. "माझ्या बांगड्यांचो बर्फ वितळता."

इथवर सगळं माझ्या हातात होतं. चिठ्ठीवर 'वीस रुपये मिळाले' एवढं लिहून घेतलं असतं की झालं होतं. पण अण्णांनी हात वर केला. "थांबा. असा कायतरी लिवन चलना नाय." मग माझ्याकडे वळून, खास माझ्यासाठी राखून ठेवलेल्या शुद्ध मराठीत, "मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. तुम्ही काळजी करू नका."

त्यांनी रेक्झिनच्या बॅगेतून फुलस्केप कागद काढला. दुसरा काढला. आणि दोघांच्या मध्ये घालायला कार्बन काढला. निवृत्त माणूस बाजारहाटाला जाताना कार्बन घेऊन का निघतो, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

"पावती क्रमांक?" त्यांनी तरीवाल्याला विचारलं.

"एक घाला ना," मी म्हटलं.

अण्णांनी पेन खाली ठेवलं. "एक? एक नंबरची पावती बगल्यार ऑडिटवालो पयलो संशय घेता. सत्तेचाळीस घालूया."

"खोटा कित्याक लिवतास, अण्णानु?" काकी.

"खोटा खयचा गो? आजपर्यंत ह्या तरीत सेहेचाळीस माणसां तरी बसली काय नाय?"

"बसली."

"मगे? हे सत्तेचाळिसावे."

मी निषेध नोंदवला. अण्णांनी तो नोंदवून घेतला नाही. "उतारू, एक. सामान?" माझ्या पाठीवरच्या सॅककडे बघत त्यांनी विचारलं. "सामानाचा भाडा येगळा दाखवूक व्हया."

"सामानाचा मी काय घेवक नाय," तरीवाला म्हणाला.

"मगे निरंक," अण्णा म्हणाले आणि त्यांनी ते इतक्या सुंदर अक्षरात लिहिलं की हा शब्द लिहायला मिळावा म्हणूनच त्यांनी सामानाचा विषय काढला असावा अशी मला दाट शंका आहे.

मग सहीची वेळ आली. तरीवाल्याने मशीन बंद केलं, सुकाणू शाळेच्या मुलाकडे दिलं आणि तो पुढे येऊन उकिडवा बसला. सही केली. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, खाली तारीख. अण्णांनी ती न्याहाळली. "शिक्को?"

"शिक्को खयसून आणू?"

"मगे अंगठो पण लावा."

"माका सही येता!" तो दुखावला होता आणि ते रास्तच होतं.

"येता रे, कोण नाय म्हणता? पण शिक्को नाय ना."

तरीवाल्याने मशीनच्या ऑइलमध्ये अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. इतका जोरात की कार्बनखालच्या प्रतीवरही तो उमटला. आता अण्णांनी पाकिटातून रेव्हेन्यूचं तिकीट काढलं. मी म्हटलं, "अण्णा, पाच हजारांच्या वरच्या पावतीला लागतं ते. ही वीसची आहे."

"लागना नाय," अण्णा शांतपणे म्हणाले. "पण लावलेला बरा." जीभ काढून तिकीट ओलं केलं, चिकटवलं, त्यावर तरीवाल्याची आणखी एक सही घेतली आणि माझ्याकडून तिकिटाचा एक रुपया घेतला. त्या रुपयाची पावती त्यांनी दिली नाही.

शेवटचा रकाना राहिला होता. कुठून आणि कुठे. अण्णांनी मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं, आणि मग आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. मशीन बंद होतं, भरती चढत होती, सुकाणू सहावीतल्या पोराच्या हातात होतं. आम्ही जिथून निघालो त्याच धक्क्याला येऊन लागलो होतो.

"तुमची पावती झाली?" काकींनी मला विचारलं. "आता माझ्या बांगड्यांक एक लिवन देवा."

अण्णांनी मूळ प्रत मला दिली आणि कार्बनची घडी घालून बॅगेत ठेवली. "स्थळप्रत," ते म्हणाले.

पलीकडे ती घरं आपापल्या जागी होती, जमिनीवर. संडास होते, गोठे होते, एका घरात तर आमच्या मुलीने किती छान प्रश्न विचारले याचं कौतुक ऐकायला मिळालं. बाकीची बरीच घरं बंद होती, आणि दिल्लीला त्याचाही संशय होताच. 'बंद घरांचं प्रमाण असाधारण' अशी लाल रंगातली टीप आमच्या तक्त्यात कायम असते. कोकणात घर बंद असणं असाधारण कसं, हे मी प्रत्येक प्रकल्पात नव्याने समजावतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. २०११च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. बाकीचे पुरुष कुठे गेले हे सांगायला सल्लागार लागत नाही, दादरला संध्याकाळी उभं राहिलं की पुरतं. आणि 'एका स्वयंपाकघरात जेवतात ते एक कुटुंब' ही आमची व्याख्या घेऊन तुम्ही एखाद्या जुन्या घरात जा. तीन भावांचं एकच घर, पण तीन चुली, पैकी दोन चुलींना कुलूप आणि किल्ल्या नालासोपाऱ्याला. गणपतीत मोजा, माणसं ओटीवर मावणार नाहीत. जुलैत मोजा, एक म्हातारी आणि मांजर. दोन्ही आकडे खरे. मेलवर हे समजावता समजावता माझ्या बोटांची सालं निघाली आहेत.

असो. परतताना मी शहाणपणा केला आणि यूपीआयने पैसे दिले. मधोमध रेंज येते. तरीवाल्याने सुकाणूशेजारी खिळ्याला टांगलेला क्यूआर दाखवला. तो त्याच्या भाच्याचा. त्यामुळे माझ्या मोबाईलवर वीस रुपये एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाला मिळाल्याची नोंद झाली.

आता ती नामंजुरीची मेल. जातानाच्या वीस रुपयांबद्दल: पावती हस्तलिखित आहे, जीएसटी क्रमांक नाही, आणि क्रमांक ४७ असल्याने आधीच्या ४६ पावत्या असलेलं पुस्तक पडताळणीसाठी सादर करावं. येतानाच्या वीस रुपयांबद्दल: प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात मोबाईल दुरुस्तीची तरतूद नाही.

जीएसटीचं मी शांतपणे कळवलं. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. माणशी वीस रुपये धरले तर त्याला वर्षात एक लाख उतारू लागतील. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २०११ला साडेआठ लाखांच्या आत होती. म्हणजे जिल्ह्यातल्या दर आठ-नऊ माणसांतल्या एकाने, तान्ह्या मुलांसकट, त्या एका तरीत बसायला हवं. यावर उत्तर आलं, 'धन्यवाद. कृपया पावतीचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद जोडावा.'

अनुवाद तर माझाच धंदा. केला, सही केली, पाठवला. 'निरंक'सह. तो परत आला. प्रकल्पाचा अनुवादक स्वतःच्याच खर्चाच्या कागदाचा अनुवाद प्रमाणित करू शकत नाही, हितसंबंधांचा प्रश्न येतो. आता यांची दोनशे प्रश्नांची प्रश्नावली मी एकट्याने मराठीत आणली होती. कर्जापासून गर्भपातापर्यंत लोक त्यात काय काय सांगतात, आणि ते सगळं माझ्याच शब्दांवर विसंबून दिल्लीला इंग्रजीत पोचतं. तिथे कुणाला हितसंबंध दिसले नाहीत. ऑइलचा अंगठा असलेल्या दहा ओळींत दिसले.

शेवटी कणकवलीच्या एका अनुवादक मैत्रिणीला विनंती केली. तिचा किमान दर पाचशे रुपये. तिने रीतसर बिल दिलं आणि ते त्याच दुपारी मंजूर झालं. वीस रुपये खरे ठरवण्यासाठी पाचशे. वीस रुपये अजून विचाराधीन आहेत.

मला राग येतो तो याचा. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी बंगालमध्ये नमुना पाहण्या सुरू केल्या तेव्हा मोजणाऱ्यावर आंधळा भरवसा नको म्हणून नमुन्याचे भाग पाडून वेगवेगळ्या तुकड्यांना दिले आणि त्यांचे निकाल ताडून पाहिले. १९५०मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीपर्यंत हा आग्रह पोचला. तो संशय मला पटतो. तो आकड्यावर होता, आणि तपासायची रीत ठरलेली होती. आमच्याकडे दहा टक्के घरांची फेरतपासणी होते आणि माझ्या चाळीस रुपयांची शंभर टक्के. मुलाखतीला गेलेल्या मुलींना दिवसाचे पैसे काम संपल्यावर दोन-दोन महिने मिळत नाहीत. माझं मानधन टीडीएस कापून कधी येईल ते मी आता बायकोलाही सांगत नाही. आणि अहवालाच्या पहिल्या पानावर दरवेळी तेच असतं, शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं. शेवटचा माणूस खाडीपलीकडे राहतो, तिथे जायला तर लागते आणि तरीवाल्याकडे शिक्का नसतो. हे वाक्य मी मागच्या अहवालात घातलं होतं. 'सूर जरा वैयक्तिक वाटतो' म्हणून त्यांनी ते काढलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच वाडीत जायचं आहे. आज सकाळी हिशेब विभागातून फोन आला. बाई अगदी गोड बोलल्या. म्हणाल्या, पावतीचा एवढा त्रास होतो तर होडीने कशाला जाता, रस्त्याने जा ना. मी म्हटलं, रस्ता खाडीला पूर्ण वळसा घालून जातो, भाड्याची गाडी करावी लागेल, साडेतीन हजार तरी घेईल.

"बिल देईल ना?" त्यांनी विचारलं.

देईल म्हटलं. संध्याकाळच्या आत मंजुरीची मेल आली. ड्रायव्हरचा चहा-नाश्ता वेगळा.