भिंतीवरच्या जुन्या चित्राला हात लावला की बोटाला पांढरी पावडर लागते ना, तिथूनच सुरुवात

भिंतीचित्रांचे रंग कसे तपासायचे आणि जपायचे, यावरचा हा लेख खूप आवडला. स्प्रे कॅनचा रंग आणि साधं इमल्शन (भिंतीला लावायचा पाण्यात मिसळणारा रंग) एकाच भिंतीवर असेल तर दोन्हीला एकच इलाज चालत नाही, हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो आधी सॅम्पल तपासल्याशिवाय कळतच नाही, कारण लांबून दोन्ही सारखेच दिसतात पण स्प्रेमध्ये रंग धरून ठेवणारा चिकट घटक, म्हणजे बाइंडर, बऱ्याचदा अल्कीड रेझिन असतो आणि भिंतीच्या इमल्शनमध्ये ॲक्रिलिक किंवा स्टायरिन-ॲक्रिलिक, मग साफ करताना जे सॉल्व्हंट (विरघळवणारं द्रव) एकाला काही करत नाही तेच दुसऱ्याला फुगवून टाकतं.

एक भर घालतो. हिरवा रंग काही वर्षांनी निळसर का दिसायला लागतो? तर तो हिरवा कित्येकदा पिवळा आणि निळा मिसळून केलेला असतो, त्यातला ॲझो जातीचा पिवळा रंगकण उन्हात लवकर उडतो आणि थॅलोसायनिन जातीचा निळा मात्र ठाण मांडून बसतो. रामन तपासणीत (लेसर टाकून परत येणाऱ्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणं) दोघांच्या रेषा वेगवेगळ्या दिसतात. बाइंडर ओळखायला एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाची तपासणी. रंगाची टाचणीच्या टोकाएवढी खपली रेझिनमध्ये बसवून घासली की मायक्रोस्कोपखाली प्लास्टर, प्रायमर, रंग, वरचं वार्निश असे थर केकसारखे दिसतात, ते एकदा बघितलं की भिंतीकडे बघायची नजरच बदलते खरंच.

आणि ती पांढरी पावडर, त्यात टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याचाही हात असतो, त्याचा ॲनाटेज प्रकार उन्हात आजूबाजूचा बाइंडरच खातो, दुसरा प्रकार रुटाइल त्या मानाने खूप शांत. इटलीतल्या पीसामध्ये अमेरिकन चित्रकार कीथ हॅरिंगने १९८९ मध्ये एवढी मोठी भिंत रंगवली, तिचीही अशी तपासणी झालीये. चित्रकारांनी रंगाच्या डब्यावरचा पिगमेंट कोड (कुठलं रंगद्रव्य आहे ते सांगणारा क्रमांक) तेवढा लिहून ठेवावा, कळकळीची विनंती.