‘कोर्सवर पैसे घालवू नका, कॅमेरा घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. ‘फिल्म आणि मीडियाचे कोर्स म्हणजे निव्वळ लूट’ असं वर ठळक लिहिलेलं आणि खाली पाच मुद्दे. मोठे दिग्दर्शक कुठल्याच शाळेत गेले नव्हते. फीच्या पैशांत कॅमेरा घ्या, बाकीचं यूट्यूब शिकवतं. सेटवर फुकट राबा, सेट हीच खरी शाळा. सर्टिफिकेट कोणी विचारत नाही. आणि तसंही दोन वर्षांत सगळं एआय करणार आहे.

असले मेसेज मी एरवी उघडतही नाही. पण हा माझ्या बहिणीच्या घरी पोचला. भाचीने साउंड रेकॉर्डिंगच्या कोर्सला प्रवेश घेतलाय, फीचा पहिला हप्ता भरायचाय, आणि भाऊजींचा फोन आला, ‘तू त्याच लाइनीतला आहेस, हप्ता भरू की थांबू?’ मी एडिटिंग करतो. दुसऱ्यांनी शूट केलेलं, रेकॉर्ड केलेलं सगळं शेवटी माझ्या टेबलावर येतं. कोणाला काम येतं आणि कोणाला नुसतं बोलता येतं, ते तिथे लपत नाही. भाऊजींना फोनवर थोडक्यात सांगितलं. इथे जरा सविस्तर सांगतो, म्हणजे पुढच्या घरी हाच मेसेज गेला तर उपयोगी पडेल.

‘टॅरेंटिनो, नोलन, कुब्रिक कुठे शिकले?’

तिघेही फिल्म स्कूलमध्ये गेले नाहीत, हे मान्य. पण कुब्रिक विशीच्या आधीपासून ‘लुक’ मासिकात छायाचित्रकार म्हणून नोकरी करत होता. संपादकांनी सांगितलेले विषय, ठरलेल्या मुदतीत, वर्षानुवर्षं. नोलन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकला आणि तिथल्या फिल्म सोसायटीची उपकरणं वापरून शूट करत राहिला. म्हणजे उपकरणं, वेळ आणि चुका करायची मोकळीक त्याला कॉलेजनेच दिली. हे शिक्षण नाही तर काय?

आणि जे रीतसर शिकले त्यांची नावं मेसेजमधून बरोबर गळली आहेत. स्कोर्सेसी न्यूयॉर्क विद्यापीठातला, कपोला लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा, लुकास तिथल्याच यूएससी विद्यापीठाचा, बाँग जून-हो कोरियन अकादमीचा. वाय्दा पोलंडमधल्या वूचच्या शाळेचा, तार्कोव्हस्की मॉस्कोच्या व्हीजीआयके या फिल्म शाळेचा. ही शेवटची शाळा 1919 साली सुरू झाली, तेव्हा चित्रपटाला आवाजसुद्धा फुटला नव्हता. स्पीलबर्गला यूएससीने प्रवेश नाकारला, दुसरीकडे घेतलेलं शिक्षण त्याने अर्धवट सोडलं, आणि 2002 साली परत जाऊन पदवी पूर्ण केली. त्याला काही नोकरी शोधायची नव्हती.

पण खरी गोम निराळीच आहे. या यादीत सगळे दिग्दर्शकच का? हा मेसेज क्रेडिट्स सुरू झाली की उठून जाणाऱ्या माणसाने लिहिलाय. एका युनिटमध्ये दिग्दर्शक एक असतो. बाकी बूम ऑपरेटर (लांब काठीवर माइक धरणारा), फोकस पुलर (लेन्सचा फोकस फिरवणारा), स्क्रिप्ट सुपरवायझर, गॅफर (दिव्यांचा प्रमुख), ग्रिप (कॅमेऱ्याचे स्टँड-ट्रॉली सांभाळणारा), डेटा सांभाळणारा, मेकअप, कॉस्च्युम, आर्ट, नंतर एडिट, ग्रेडिंग (रंग जुळवणं), फोली (पावलं, दार असे आवाज नंतर करून घेणं), मिक्सिंग. व्यावसायिक प्रशिक्षण मुख्यतः या लोकांसाठी असतं. माझ्या भाचीला कुब्रिक व्हायचंच नाही, तिला साउंड करायचा आहे. तिला उदाहरण द्यायचंच तर रसूल पूकुट्टीचं द्या. तो पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनी शिकला आणि 2009 साली त्याला साउंड मिक्सिंगचं ऑस्कर मिळालं.

‘कॅमेरा घ्या, यूट्यूब आहेच’

यूट्यूबवर सॉफ्टवेअरचं कुठलं बटण काय करतं ते उत्तम शिकता येतं. मी स्वतः तिथेच बघतो. अडचण त्यापुढे सुरू होते.

एक साधी गोष्ट घ्या. फुल-फ्रेम कॅमेरा, 85 मिलिमीटरची लेन्स, अॅपर्चर 1.4, नट दीड मीटरवर. फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा असतो. नट बोलता बोलता किंचित पुढे झुकला की डोळे सॉफ्ट म्हणजे धूसर, कान शार्प, टेक वाया. हे गणित व्हिडिओत कळतं. पण त्या झुकण्याचा अंदाज घेऊन फोकस पुलरचा हात आधीच फिरायला हवा, आणि ते शेजारी कोणीतरी उभं राहून ‘गेला, परत’ असं पुन्हा पुन्हा म्हणाल्याशिवाय येत नाही. व्हिडिओ तुमचं काम बघत नाही, हीच त्याची मर्यादा.

आवाजाचं तर विचारूच नका. घरच्या घरी शिकलेल्या मुलांचं फुटेज येतं तेव्हा दिसायला झकास असतं आणि हेडफोन लावले की मागे फ्रिज गुरगुरतोय. एका टेकमध्ये गुरगुरतोय, पुढच्यात थांबलाय. आता हे दोन टेक मी जोडायचे कसे? शिकलेला साउंडवाला खोलीत शिरल्यावर आधी फ्रिज बंद करतो आणि स्वतःच्या गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्ये ठेवतो. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे जाताना फ्रिज परत चालू करायचा विसरत नाही. सीन संपला की तो सगळ्यांना अर्धा मिनिट पुतळ्यासारखं उभं करतो आणि रिकाम्या खोलीचा आवाज टिपून घेतो. कंटाळवाणं काम आहे, युनिट वैतागतं. पण दोन संवादांच्या मधली भोकं मी त्याच आवाजाने बुजवतो. तो नसेल तर प्रत्येक कट कानाला टोचतो.

कॅमेरा विकत घेण्याबद्दल एवढंच की, व्यवसायातली पुष्कळ माणसं तो भाड्यानेच आणतात. मॉडेल जुनं होतं, हात जुना होत नाही.

‘सेटवर फुकट राबा, सेट हीच शाळा’

या मुद्द्यासाठीच मी लिहायला बसलो. बाकीचे चार चुकीचे असतील, हा घातक आहे.

20 फेब्रुवारी 2014. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका गायकाच्या आयुष्यावरच्या चित्रपटाचं युनिट अल्टामाहा नदीवरच्या रेल्वे पुलावर गेलं. स्वप्नाचं दृश्य होतं, त्यासाठी रुळांवर लोखंडी खाट ठेवली होती. रुळांवर शूट करायला रेल्वे कंपनीने लेखी नकार दिलेला होता. रेल्वेचा कोणी माणूस तिथे हजर नव्हता. मालगाडी आली. खाट हटवता हटवेना, पळायला पुलावर जागा नाही. सारा जोन्स ही 27 वर्षांची सेकंड कॅमेरा असिस्टंट ठार झाली, अनेक जण जखमी झाले. 2015 साली दिग्दर्शकाने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला. असिस्टंट डायरेक्टरही दोषी ठरली.

आता कोणी म्हणेल, ती माणसं काय नवशिकी होती? नव्हतीच, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. निर्णय घेणाऱ्यांना सेटचा अनुभव होता. सेट शिकवतो, पण काय शिकवतो ते कोणी तपासत नाही. ‘परवानगी नाही? पटकन उरकू’ हेही सेटच शिकवतो. एकदा निभावलं की ती पद्धत होते, दहादा निभावलं की तिला अनुभव म्हणतात.

चांगल्या कोर्समध्ये या गोष्टी पहिल्या महिन्यातच मुलांच्या माथी मारतात. लोकेशनची परवानगी कागदावर बघितल्याशिवाय युनिट हलत नाही. उंची, पाणी, वीज, वाहन, शस्त्र यांपैकी काहीही सीनमध्ये असेल तर धोका काय, जबाबदार कोण आणि बाहेर पडायची वाट कुठली हे आधी लिहून काढायचं. सकाळी सगळ्यांना उभं करून ते वाचून दाखवायचं. आणि सगळ्यात धाकट्या असिस्टंटनेही ‘मी तिथे जाणार नाही’ म्हटलं तर काम थांबवायचं. कोर्स केला म्हणून माणूस सेटवर हे सगळं पाळेलच, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण निदान हे शब्द तो पहिल्यांदा शांतपणे वर्गात ऐकतो. एरवी ते ऐकायची पहिली वेळ येते तेव्हा ऊन उतरत असतं, शंभर माणसं खोळंबलेली असतात आणि दिग्दर्शक ओरडत असतो.

आता याच्या शेजारी ‘फुकट राबा’ हा सल्ला ठेवून बघा. सेटवर ‘नाही’ म्हणायची सगळ्यात कमी सोय कोणाला असते? जो फुकट आलाय त्याला. त्याला काढून टाकायला नोटीस लागत नाही, उद्या बोलवायचं नाही एवढंच.

शिवाय फुकट राबून शिकायला मिळतं, हेही गृहीतच. 2011 साली न्यूयॉर्कमध्ये बिनपगारी इंटर्न म्हणून राबलेल्या दोघांनी एका मोठ्या स्टुडिओवर दावा लावला. त्यांतल्या एकाच्या कामांची यादी कोर्टाच्या कागदपत्रांत आहे: कॉफी करणं, जेवणाच्या ऑर्डर घेणं, फोन उचलणं, कचरा बाहेर नेणं. खालच्या कोर्टात ते जिंकले. वरच्या कोर्टाने 2015 साली तो निकाल बाजूला ठेवला आणि कसोटी अशी घातली की, या इंटर्नशिपचा मुख्य फायदा कोणाला होतोय, मालकाला की शिकणाऱ्याला? ती त्याच्या शिक्षणाशी जोडलेली आहे का? म्हणजे सेट ही शाळा ठरायची तर मागे खरी शाळा आहे का, हा प्रश्न कोर्टालाही विचारावा लागला. आणि महिनोन्महिने बिनपगारी राहणं कोणाला परवडतं, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यातही आलेलं नाही. ज्याचं घर दुसरं कोणी चालवतं, त्यालाच.

‘सर्टिफिकेट कोणी विचारत नाही’

बरं, हे अर्धं खरं आहे. मीसुद्धा असिस्टंट घेताना सर्टिफिकेट मागत नाही, काम बघतो आणि तो आधी ज्यांच्याकडे होता त्यांना फोन करतो. पण दाखवायला काम आणि फोन करायला माणसं कोर्समधूनच पहिल्यांदा जमतात. वर्गातला आज कॅमेऱ्यावर असतो, तोच पुढे साउंडला कोण हवं म्हणून बॅचमेटचं नाव सुचवतो. ड्रोन उडवणं, विजेची जोडणी, उंचावरचं काम यांना तर अनेक देशांत कायद्यानेच परवाना लागतो. तिथे ‘शोरील (आधीच्या कामाचे निवडक तुकडे) बघा’ म्हणून भागत नाही.

‘एआय सगळं करणार’

काही कामं जातील. जी नुसती बटणं दाबायची आहेत ती आधी. 2023 साली हॉलिवूडचे लेखक 148 दिवस संपावर होते, एआयच्या वापरावर बंधनं हा त्यांच्या मागण्यांतला एक मोठा भाग होता, आणि ती बंधनं त्यांनी करारात घालून घेतली. स्वतःचं काम ओळखणारी, संघटित माणसं होती म्हणून जमलं. यापलीकडे या मुद्द्यावर वेळ घालवायची माझी तयारी नाही.

राहिला ‘लूट’ हा शब्द. तर हो, लूट करणाऱ्या संस्था आहेत. चकचकीत रिसेप्शन, भिंतीवर नटांचे फोटो आणि चाळीस मुलांत एक कॅमेरा. भाऊजींना मी एवढंच सांगितलंय की काउन्सेलरशी बोलू नका, शेवटच्या सत्रातल्या मुलांना गाठा. आठवड्यात किती तास रेकॉर्डर प्रत्यक्ष हातात असतो? शिकवणारा सध्या बाहेर काम करतो का, की त्याचं शेवटचं काम टेपच्या जमान्यातलं आहे? रेकॉर्ड केलेलं सगळ्यांसमोर ऐकवून चुका काढतात का? सुरक्षेचा तास वेळापत्रकात आहे का, आणि तो खरोखर होतो का? आधीच्या बॅचची मुलं आज कोणत्या युनिटवर आहेत? यांतल्या तीन प्रश्नांना धड उत्तर मिळालं नाही तर हप्ता भरू नका, दुसरी संस्था बघा.