होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील

भावना दुखावून घ्यायच्या आहेत? उत्तम. भांडवल फार लागत नाही. एक लेटरहेड, एक रबरी शिक्का, अकरा कार्यकर्ते आणि तुमच्यापैकी एकानेही न वाचलेलं पुस्तक. नाटक किंवा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसही चालतं, अट तीच. वाचलं की माणूस आधीचं पान उलटून बघतो, मग तळटीप बघतो, आणि चहा येईपर्यंत निम्मा राग उतरलेला असतो.

वाचायची खोडच असेल तर ऋणनिर्देश तेवढा वाचा. शिवाजी महाराजांवर एका अमेरिकन अभ्यासकाने लिहिलेलं पुस्तक प्रकाशकाने नोव्हेंबर 2003 मध्येच भारतातून मागे घेतलं होतं. नवख्याला वाटेल, संपलं. तसं नसतं. डिसेंबरात पुण्यात एका संस्कृत पंडिताच्या तोंडाला काळं फासलं गेलं, कारण त्यांचं नाव ऋणनिर्देशात होतं. 5 जानेवारी 2004 ला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला, कारण आभार तिचेही मानले होते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करायला या संस्थेला 1919 ते 1966 एवढा काळ लागला. कपाटं उलथायला एक सकाळ पुरली. लेखक अमेरिकेत सुखरूप होता. धडा घ्या: दूरच्या लेखकापेक्षा रिक्षाच्या अंतरावरचं कपाट बरं.

आता लेटरहेड. संस्थेच्या नावात 'अखिल भारतीय' हवंच, पत्ता तुमच्या गाळ्याचा चालेल. निवेदन पोलीस निरीक्षकांना, प्रती तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांना 'माहितीसाठी सविनय सादर'. आवक विभागाचा शिक्का मारून पोच घ्या. पोच नसेल तर भावना दुखावल्याचा कागदोपत्री पुरावाच उरत नाही. फोटोत साहेब मधोमध, आणि ए-फोर आकाराच्या एका कागदाला अकरा हात लागलेले असले पाहिजेत. ज्याचा हात कागदापर्यंत पोचत नाही त्याने पुढच्याच्या खांद्यावर ठेवावा. फोटोत तो धरला जातो.

मजकुरात धार्मिक भावना दुखावल्याचं कलम 299 लिहा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत दंड संहितेचं जुनं 295-अ याच आकड्याखाली आहे. जुना आकडा पडला तरी बिघडत नाही, ठाणे अंमलदार सुधारून घेतात. हे कलम 1927 चं. लाहोरच्या एका पुस्तिकेच्या प्रकाशकाला उच्च न्यायालयाने सोडून दिलं, त्या खळबळीतून इंग्रज सरकारने ते आणलं. निवड समितीत बॅरिस्टर जीना होते. इतिहासाचं काम करणाऱ्यांना आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना संरक्षण राहिलं पाहिजे, असं त्यांनी बजावलं होतं. (हे निवेदनात घालू नका. जीनांचं नाव आलं की तुमच्याच कार्यकर्त्यांच्या भावना दुखावतील.) त्या प्रकाशकाचा 1929 मध्ये खून झाला तो झालाच.

कलमात एक अडचण आहे. अपमान बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेला असावा लागतो. महेंद्रसिंग धोनीला विष्णूच्या रूपात दाखवणाऱ्या मासिकाच्या मुखपृष्ठावरून दाखल झालेली तक्रार सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये याच मुद्द्यावर रद्द केली. पण तोवर चार वर्षं गेली होती, आणि तो धोनी होता. तुमच्या तालुक्यातल्या नाटकवाल्याला दिल्लीचं तिकीट परवडतंय का, ते आधी बघा. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. न्यायालयाला त्याची दखल घ्यायची तर सरकारची पूर्वमंजुरी लागते. अटकेला लागत नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत तुमचा सगळा धंदा बसतो.

दुसरी अडचण संविधानाची. बोलण्यावर वाजवी बंधनं कशासाठी घालता येतात, त्याची यादी अनुच्छेद 19(2) मध्ये आहे: देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, अपराधाला चिथावणी. पुन्हा वाचा. 'भावना' कुठेच नाही. पण धीर सोडू नका, 'सुव्यवस्था' आहे, आणि ती बिघडवणं तुमच्याच हातात आहे.

म्हणून निवेदनाचं शेवटचं वाक्य कधीही गाळायचं नाही: 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस सर्वस्वी प्रशासन जबाबदार राहील.' एवढ्या एका वाक्याने तुमच्या दुखऱ्या भावनेची सुव्यवस्था होते. दगड तुमचा, काच नाट्यगृहाची, आणि नोटीस नाटकवाल्याला: 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता लक्षात घेता प्रयोग पुढे ढकलावा.' निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबणं म्हणजे कायद्याचं राज्य नाकारणं, असं सर्वोच्च न्यायालय 1989 च्या एस. रंगराजन खटल्यात बोलून बसलंय. काळजी नको. पोलीस ठाण्यात तो निकाल कुणी काढत नाही.

पुतळा घरीच करा. दोन बांबूंची फुली, पेंढा, जुना शर्ट, मडक्याचं डोकं. पावसाळ्यात पेंढा आदल्या रात्री घरात घ्या. ओला पेंढा नुसता धुमसतो आणि बातमीत 'आंदोलकांची तारांबळ' असा मथळा येतो. पेट्रोल ओततो त्यानेच काडी ओढायची नाही, कारण पहिला भाजतो तो त्याचाच हात. पुतळे नेहमी दोन करा, एक पोलिसांना हिसकावून घ्यायला आणि एक जाळायला. हिसकाहिसकीचा फोटो जाळल्याच्या फोटोपेक्षा मोठा छापतात.

पुतळ्याला काय नेसवायचं ते मात्र विचार करून ठरवा. नागपुरात 17 मार्च 2025 ला खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवा म्हणून निदर्शनं झाली, प्रतीकात्मक कबर जाळली, तिच्यावर हिरवं कापड होतं. संध्याकाळपर्यंत त्या कापडावर धर्मवचनं होती अशी बातमी पसरली, ज्यांनी ते पाहिलं नव्हतं त्यांचा संताप झाला, आणि शहराच्या काही भागांत संचारबंदी लागली. एका माणसाचा जीव गेला. औरंगजेब 1707 मध्येच वारलेला असल्याने त्याला यातलं काही कळलं नाही.

तोंडाला काळं फासायचं असेल तर माणूस पारखून घ्या. ऑक्टोबर 2015 मध्ये मुंबईत, पाकिस्तानच्या माजी परराष्ट्रमंत्र्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन ठेवलं म्हणून आयोजकावर शाई टाकली. त्या गृहस्थाने तोंड न धुता, तसंच पत्रकार परिषदेत जाऊन बसायचं ठरवलं. फोटो जगभर गेला, प्रकाशन त्याच संध्याकाळी पार पडलं. शाई तुमची, प्रसिद्धी त्यांची. लाजून घरी जाणाराच माणूस निवडावा.

हल्ली हे सगळं जड वाटतं त्यांच्यासाठी मोबाइल आहे. पालघरला नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने पोस्ट लिहिली आणि दुसरीने लाइक केली. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. काकांनी लाइकसुद्धा केलं नव्हतं. तेव्हा लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ पुढे 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्दच केलं, तरी नाउमेद होऊ नका. जून 2023 मध्ये कोल्हापुरात दगडफेक आणि इंटरनेटबंदीला काही पोरांची स्टेटसं पुरली. स्टेटस चोवीस तासांत आपोआप जातं, म्हणून आधी स्क्रीनशॉट काढा आणि आक्षेपार्ह मजकूर स्वतः पाचशे जणांना पाठवा. त्याशिवाय तो व्हायरल झाला, असं तक्रारीत कसं लिहिणार?

राहिलं तुमचं भाषण. धर्माधर्मांत वैर वाढवणाऱ्यांसाठी न्याय संहितेचं कलम 196 आहे, आणि तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलंय. चित्रीकरणही होतं. म्हणून समाजाचं नाव घ्यायचं नाही. 'मी कुणाचं नाव घेत नाही, पण तुम्हाला कळलंच आहे' एवढं म्हणून थांबायचं. बाकीचं नाव गर्दी घेते, आणि गर्दीला आधारकार्ड नसतं.

पकडलंच तर बहुधा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 68 लावून ताब्यात घेतात आणि 69 लावून संध्याकाळी सोडतात. व्हॅनच्या जाळीमागून दोन बोटं दाखवायला विसरू नका. खरा गुन्हा दाखल झाला तरी राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घ्यायचे शासन निर्णय अधूनमधून निघतात. अट एवढीच असते की जीवितहानी झालेली नसावी आणि नुकसान 5 लाखांच्या वर गेलेलं नसावं. तेव्हा फोडायला घेण्यापूर्वी एकाने वही घेऊन उभं राहावं. साध्या काचा, प्लास्टिकच्या खुर्च्या, कुंड्या आरामात बसतात. साउंड सिस्टिम आली की हिशेब हुकतो. आजी-माजी आमदार मोर्चात पुढे घ्यायचा मोह टाळा, त्यांचा खटला मागे घ्यायला 2021 पासून उच्च न्यायालयाची परवानगी लागते आणि तुमची फाइल त्यांच्यापायी अडकते.

निवेदनाची सॉफ्ट कॉपी जपून ठेवा. पुढच्या वेळी फक्त पुस्तकाचं नाव आणि तारीख बदलायची असते. नाव बदलायला विसरलात तरी पोच मिळेल.