ऐंशी टक्के म्हणजे नेमकं काय, ते सांगा एकदा

ॲनिमेशन फिल्म कुठवर आली विचारलं की विद्यार्थ्यांचं एकच उत्तर, "ऐंशी टक्के झालंय, सर." दिवाळीत ऐंशी, संक्रांतीला ऐंशी, जमा करायची तारीख चार दिवसांवर आली तरी ऐंशीच! कशाचे ऐंशी? बैलाच्या झुलीला तीन-तीन टेक्श्चर (वर चिकटवायची चित्रं) लावले म्हणजे फिल्म झाली का? बैल अजून एक पाऊल चालला नाही. ॲनिमॅटिक, म्हणजे फिल्मचा कच्च्या चित्रांचा आराखडा, बघायला मागितलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

मराठवाड्यात विद्यार्थ्यांच्या गटाला विषय काढायला सांगा, हटकून दुष्काळ निघतो. निघू दे, आपलाच विषय आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पण म्हणून तीन मिनिटांच्या फिल्ममध्ये टँकरच्या नळीतून पडणारं खरंखुरं पाणी कशाला पाहिजे? ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये फ्लुइडचं डोमेन, म्हणजे पाणी खेळवायचा खोका, टाकायचं आणि त्याचं रिझोल्यूशन, म्हणजे एका बाजूचे खाने, ६४ चं १२८, १२८ चं २५६ करत बसायचं. अरे, दुप्पट केलं की लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून वाढतं, म्हणजे खाने आठपट! ८ जीबी रॅमचं मशीन तिथंच मान टाकतं. घागरीचा काठ दाखवा, बाईचा चेहरा दाखवा, आवाज पाण्याचा घाला, शॉट झाला. पाणी नसल्याची फिल्म, आणि पंधरा दिवस अडकली कशात तर पाण्यात!

आता रेंडरचा, म्हणजे एकेक फ्रेमचं पक्कं चित्र काढायचा, हिशोब, जो कुणीच करत नाही. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद, २४ च्या वेगानं ४,३२० फ्रेम. एका फ्रेमला चार मिनिटं धरली तरी २८८ तास. बारा दिवस, रात्रंदिवस, एका मशीनवर. आणि हे म्हणतात, "शेवटच्या आठवड्यात रेंडर लावू." सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या रेंडर इंजिनात, मॅक्स सॅम्पल्स (एका पिक्सेलला जास्तीत जास्त किती नमुने) ४,०९६ आयते आलेले असतात, ते तसेच ठेवून! १२८ किंवा २५६ करा, डिनॉइझ (चित्रातले ठिपके पुसणारं) चालू करा, आधी दहा फ्रेम काढून बघा. पण नाही.

त्यात थेट एमपीफोर व्हिडिओ काढणारे महाभाग वेगळेच. उन्हाळ्यात दुपारी लाईट जाणार हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. रेंडर अर्ध्यात तुटलं की ती फाइल बहुतेक वेळा उघडतच नाही, सगळी रात्र मातीत. पीएनजी सिक्वेन्स, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल, काढला तर १,२०० व्या फ्रेमवर लाईट गेली तरी आधीच्या १,१९९ जागेवर राहतात. आउटपुटमध्ये ओव्हरराइट (असलेल्या फाइलवर पुन्हा लिहिणं) बंद, प्लेसहोल्डर्स (हाती घेतलेल्या फ्रेमची रिकामी फाइल) चालू ठेवा, मग दोन-तीन मशीन एकाच शेअर केलेल्या फोल्डरमध्ये उरलेल्या फ्रेम वाटून घेतात. दोन चौकटींवर क्लिक करायचं, एवढंच काम आहे हो!

मशीन बदललं की बैल गुलाबी. का, तर टेक्श्चर राहिले पहिल्याच्या डेस्कटॉपवर आणि पेनड्राइव्हवर आली नुसती ब्लेंड फाइल. 'पॅक रिसोर्सेस' हा टेक्श्चर फाइलमध्येच भरून देणारा पर्याय फाइल मेनूत असतो, एक्स्टर्नल डेटाखाली. आणि नावं काय, तर 'फायनल', 'फायनल_२', 'फायनल_खरं'. धोतराची कापडाची सिम्युलेशन बेक न करता, म्हणजे तिचा हिशोब साठवून न ठेवता, दुसऱ्या मशीनवर पाठवली की एका शॉटात धोतर एकीकडं, पुढच्यात भलतीकडं.

आवाजाचं तर बोलूच नये. होस्टेलच्या खोलीत पंखा चालू ठेवून मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, ओठ जुळवायचे, मग कुणीतरी म्हणणार "घरघर येतीय", की पुन्हा रेकॉर्ड. नव्या आवाजाचा वेग वेगळा, म्हणजे ओठांच्या सगळ्या कीज (हालचालीच्या खुणा) परत सरकवा. पंखा बंद करा, डोक्यावर वाकळ घ्या, दहा मिनिटं घाम काढा, पण आवाज आधी पक्का करा. तोपर्यंत तोंडाला हात लावायचा नाही, बैलाच्या सोडून.

सोमवारी टक्के सांगू नका. ३८ शॉटपैकी कोणते ब्लॉक झाले (ढोबळ पोझ लागल्या), कोणते ॲनिमेट झाले, कुणाचे पीएनजी कुठल्या फोल्डरात पडलेत, तेवढं लिहून आणा. आणि शॉट ७ मधला टँकर झाला का, ते पहिल्या ओळीत.